४१२ जणांनी ‘लाभ घेतला’ म्हणजे नेमकं काय घेतलं?

परवा आपल्या गावात आणखी एक मोफत शुगर तपासणी शिबिर झालं. मंडप, स्पीकर, साहेबांचा कटआउट, सगळं यथास्थित. संध्याकाळी मला फोन, “दादा, बातमी जरा मोठी लावा, फोटो पाठवलाय.” फोटोत अकरा माणसं. त्यातले दहा पदाधिकारी आणि एक पेशंट. पेशंटचं फक्त बोट दिसतंय.

मी बातमी लावली नाही. त्यावरून दोन दिवस फोन चालू आहेत. कोणी म्हणतं पत्रकार विकला गेला, कोणी म्हणतं चांगल्या कामात खोडा घालतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा. बिनसाखरेचाच घ्या म्हणत नाही, का ते पुढे येईल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी १४ नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाला, असंच शिबिर झालं होतं. नगरपरिषदेचं सभागृह, सरकारी आरोग्य कर्मचारी मदतीला आणि बाकी सगळं ‘मित्रमंडळा’चं. ती बातमी मीच लिहिली. “४१२ नागरिकांनी घेतला लाभ.” आकडा आयोजकांनी सांगितला, मी छापला. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. मी त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. ४१२ पैकी किती जणांची शुगर जास्त निघाली? त्यांना पुढे कुठे पाठवलं? ते गेले का? काही नाही. दोन कॉलम बातमी, एक फोटो, विषय संपला.

त्या ४१२ मध्ये आमच्या गल्लीतले टेलर होते. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील, तरी कृपा करून तुम्हीही लिहू नका. वय तेव्हा बावन्न. त्यांना एक चिठ्ठी मिळाली. अर्ध्या चिठ्ठीवर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली घोषवाक्य आणि सगळ्यात खाली बारीक रेघेवर बॉलपेनने लिहिलेलं ‘२१८’. टेबलावरचा पोरगा म्हणाला, “काका, जरा जास्त आहे, गोड कमी करा.” झालं. टेलरांनी दुसऱ्या दिवसापासून साखरेचा चहा बंद केला आणि गुळाचा सुरू केला. दिवसातून पाच वेळा. गूळ म्हणजे औषधी, ही आपल्या उसाच्या तालुक्यातली पक्की समजूत. रक्तात गेल्यावर गुळाची साखरच होते हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

यंदा चपलेचा अंगठा लागून त्यांच्या पायाला जखम झाली. ती दीड महिना भरेना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तेव्हा तीन महिन्यांची शुगर ११ च्या वर होती. पायाचं एक बोट काढावं लागलं. मी भेटायला गेलो तर दुकानात मशीनसमोर देवाच्या फोटोमागून त्यांनी ती चिठ्ठी काढून दाखवली. जपून ठेवली होती हो माणसानं. म्हणाले, “तुमच्या पेपरात पण आलं होतं की.”

तेव्हापासून ‘लाभ घेतला’ हे दोन शब्द माझ्या कीबोर्डवर उमटत नाहीत.

आता शिबिरात नेमकं काय होतं ते बघू. सकाळी साडेअकराची वेळ. कोणी पोहे खाऊन आलेलं, कोणी वडापाव, कोणी उपवासाची साबुदाणा खिचडी. तिथेच मंडळाचा चहा-बिस्किट. मग रांगेत बोट पुढे करायचं. ही झाली रँडम शुगर. कधी खाल्लं, काय खाल्लं, कोणी विचारत नाही. सरकारच्या स्वतःच्या कार्यक्रमात या रँडम तपासणीचा उपयोग एवढाच आहे की १४० किंवा वर आली तर माणसाला पुढच्या पक्क्या तपासणीला पाठवायचं. ती चाळणी आहे. निकाल नव्हे. आपल्या शिबिरात मात्र चाळणीतून काढलं की थेट घरी. पुढची पायरीच नाही.

टेलरांच्या २१८ ला एकच वाक्य हवं होतं. “उद्या सकाळी काही न खाता सरकारी दवाखान्यात या.” हे वाक्य बोलायला पैसे लागत नाहीत, कटआउट तर नाहीच लागत.

आणि ज्यांची कमी आली त्यांचं काय? ११८ आली म्हणून टाळ्या वाजवत घरी गेलेल्यातही सीमेवरची माणसं असतात. मधुमेहाच्या अलीकडची जी पायरी आहे, प्रीडायबेटिस, ती रँडम आकड्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. ती बघायची तर रात्रभर उपाशी राहून सकाळी शिरेतलं रक्त द्यायचं. त्यात १०० ते १२५ च्या मध्ये आली तर सीमारेषा, असं अमेरिकेतली मधुमेह संघटना म्हणते. जागतिक आरोग्य संघटना खालची मर्यादा ११० धरते. १२६ आणि वर मधुमेह. दुसरा मार्ग म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी रक्त. १४० ते १९९ सीमारेषा, २०० पासून मधुमेह. तिसरा म्हणजे एचबीएवनसी, ज्याला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो. ५.७ ते ६.४ सीमारेषा, ६.५ पासून पुढे मधुमेह. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असलं काही नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, दुसऱ्यांदा खात्री करायची असते.

यातली कुठलीही तपासणी मंडपात होत नाही. तरीही फलकावर ‘मधुमेह मुक्त शहर’.

कोणी म्हणेल, फार झालं, एवढ्या लोकांना कुठे आलाय डायबेटिस. तर ऐका. आयसीएमआर आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेह नियतकालिकात आले. एक लाख तेरा हजार लोक तपासले होते, तेही पद्धतशीर. मधुमेह ११.४ टक्के, प्रीडायबेटिस १५.३ टक्के. म्हणजे देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर सीमेवर उभे. आणि हे शहरी चोचले आहेत असं समजणाऱ्यांसाठी, सीमेवरच्या लोकांत शहर आणि खेडं यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

हे प्रमाण नुसतं त्या ४१२ ला लावून बघा. मधुमेही सत्तेचाळीसच्या आसपास, सीमेवरचे त्रेसष्ट. शिबिराला येणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. ही शंभराहून अधिक माणसं त्या दिवशी आपल्यासमोर रांगेत उभी होती, बोट पुढे करून. आपण सुई टोचली, फोटो काढला आणि त्यांना हरवून टाकलं.

सीमेवरच्या त्रेसष्टांचं मला जास्त वाईट वाटतं. कारण त्यांच्यासाठी करण्यासारखं खूप असतं आणि ते स्वस्त असतं. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने एक अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. ५३१ भारतीय माणसं, सरासरी वय ४६ च्या आसपास, सगळी ग्लुकोजच्या चाचणीत सीमेवर सापडलेली. त्यांचे गट केले. ज्यांना नेहमीचा वरवरचा सल्ला दिला, त्यातले ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांना रोज अर्धा तास चालायला आणि जेवणात बदल करायला लावून पाठपुरावा केला, त्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. स्वस्तातली मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्यांचंही जवळपास तेवढंच. म्हणजे चालणं आणि गोळी एका मापात उतरले. ती माणसं पक्क्या चाचणीने निवडलेली होती, म्हणून हे गणित आपल्या मंडपातल्या लोकांना जसंच्या तसं लागू करणार नाही. पण ‘पाठपुरावा’ हा शब्द लक्षात घ्या. फरक त्यानेच पडला. “गोड कमी करा” हा वरवरचा सल्ला आहे, आणि वरवरचा सल्ला मिळालेल्या गटाचं काय झालं ते वर लिहिलंय.

आता माझं स्वतःचं. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या एका शिबिरात मीही बोट पुढे केलं होतं. वार्तांकनाला गेलो होतो, आग्रह झाला. १६२. “बॉर्डरवर आहे दादा, काळजी घ्या.” काळजी घ्या म्हणजे काय घ्या? वडिलांना शुगर होती, शेवटची चार वर्षं त्यांची कशी गेली ते मी पाहिलंय. त्यामुळे घाबरलो. त्याच संध्याकाळी मेडिकलमधून मशीन आणलं. आमच्याकडे एक स्ट्रिप साधारण वीस रुपयांना पडते. तीन आठवडे मी दिवसातून पाच-सहा वेळा बोटं टोचत होतो. सकाळी उठलो की एक, भाकरी खाल्ली की एक, चहानंतर एक, रात्री पेज सोडून घरी आलो की एक. वहीत तक्ता. बायको म्हणाली, एवढ्या बातम्या तरी तपासून लिहिता का?

एकदा सकाळी १३१ आली आणि माझं अवसान गळालं. मग लक्षात आलं, मी नुकतंच मुलीला सीताफळ सोलून दिलं होतं आणि हात धुतले नव्हते. साबणाने हात धुऊन परत बघितली, १०९. बोटाला लागलेली फळाची साखर स्ट्रिपवर गेली होती. सॅनिटायझर चोळून नव्हे, पाण्याने धुऊन, पुसून, कोरडं करून मगच टोचायचं. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, पुडक्यातल्या कागदावर मात्र पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

दुसरी गोष्ट, ही घरगुती मशीनं खोटी नसतात पण ढोबळ असतात. त्यांचा आंतरराष्ट्रीय निकषच असा आहे की १०० च्या खाली प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ इकडे-तिकडे आणि १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, तेही शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. म्हणजे मशीनवर १०४ दिसली तर खरी ९२ असू शकते आणि ११८ ही असू शकते. सीमारेषा १०० वर आणि मशीनची डुलकी पंधराची. या मशीनने सीमेवरचा माणूस ओळखायचा म्हणजे भाजीच्या तराजूवर सोनं तोलायचं. ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा गोळ्यांनी शुगर खाली जायची भीती आहे, त्यांच्यासाठी हे मशीन जीव वाचवणारं आहे, त्यांनी माझं वाचून मशीन माळ्यावर टाकू नये. पण माझ्यासारख्या नुसत्या धास्तावलेल्याने रोज सहा वेळा बोटं टोचून हाती काय लागलं? तीन आठवडे झोप गेली आणि दोन हजारांहून जास्त रुपये.

(पुण्याला आयटीत असलेला भाचा दंडाला सेन्सर चिकटवून फिरतो. मोबाईलवर चोवीस तास आलेख. आमरस खाल्ला की आलेखाचा फोटो फॅमिली ग्रुपवर. मधुमेह नाही, सीमाही नाही. जेवल्यावर शुगर चढते आणि उतरते, निरोगी माणसाचीही, त्यासाठीच तर स्वादुपिंड दिलंय. डॉक्टरांनी कारण सांगून लावायला सांगितला तर गोष्ट वेगळी. असो, ज्याचा पैसा त्याचा दंड.)

मग शहाणा होऊन मी उपाशीपोटी तपासणीला गेलो. जवळच्या एका कलेक्शन सेंटरला. साडेसातला रक्त दिलं, लाल झाकणाच्या नळीत. ती नळी शीतपेटीविना मोटारसायकलच्या डिकीतून दुपारी कधीतरी जिल्ह्याला गेली. रिपोर्ट आला ९७. नॉर्मल! मी पेढे वाटायचा बाकी होतो.

आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, नळी कुठल्या रंगाची होती? मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी समजावलं. रक्त काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीत बसून साखर खात राहतात. रक्त वेगळं न करता तसंच ठेवलं तर तासाला पाच-सात टक्के साखर कमी होत जाते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची नळी वापरतात, त्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं हे खाणं रोखतं. तेही लगेच नाही, जरा वेळाने. म्हणून नमुना लवकर पोहोचणं, लवकर वेगळा होणं महत्त्वाचं. डिकीतली लाल नळी म्हणजे गावभर हिंडून आलेला खोटा दिलासा.

मग जिथे रक्त काढतात तिथेच तपासतात अशा ठिकाणी परत दिलं. १११. सगळा फरक नळीचाच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, शुगर रोज थोडी हलतेच. पण ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १६३ आली, तीन महिन्यांची ६.०. तिन्ही आकडे एकच बोलत होते. म्हणजे मी खरोखरच सीमेवर आहे. ही गोष्ट कळायला तीन आठवडे, शंभराहून जास्त स्ट्रिपा आणि एक खोटा नॉर्मल रिपोर्ट लागला. मी पत्रकार, चार डॉक्टरांचे नंबर खिशात असलेला माणूस. टेलरांनी काय करायचं होतं?

आणि टेलरांची गंमत, म्हणजे गंमत नव्हेच. धोका कोणाला आहे हे ओळखायला सुईसुद्धा लागत नाही. चेन्नईच्या त्याच मद्रास संस्थेने, डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने, २००५ मध्ये भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत दिली. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर तर १०, १०० पासून पुढे २०. बाईसाठी तेच आकडे दहाने खाली, ८० आणि ९०. बैठं काम आणि व्यायाम शून्य तर ३०, थोडीफार हालचाल असेल तर २०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका मोठा, पक्की तपासणी करून घ्या. टेलरांचे करून बघा. बावन्न वर्षं, ३०. कंबर शहाण्णव, १०. दिवसभर मशीनवर बसून, ३०. आईला शुगर, १०. ऐंशी! ज्या माणसाच्या गळ्यात दिवसभर टेप असतो, त्याची कंबर शिबिरात एकानेही मोजली नाही.

टेप नसेल तर आरशाचा भरवसा धरू नका. “मी बारीक, मला कशाला” हे आपल्याकडे फार चालतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही हुबेहूब, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी, हा आपला भारतीय साचा. पुण्याभोवतीच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांवर तीस वर्षं काम करून त्यांनी हे मांडलंय. हातपाय काटकुळे आणि पोटाला छोटा नगारा, अशी माणसं आपल्या पारावर बसलेली मोजून बघा.

आणखी एक गट शिबिरात कधीच सापडत नाही. ज्या बायकांना गरोदरपणात शुगर निघाली होती त्या. बाळंत झाल्या, शुगर उतरली, फाईल माहेरच्या कपाटात. त्यांची डिलिव्हरीनंतर सहा ते बारा आठवड्यांनी आणि मग दर एक-तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा बराच जास्त. घरात अशी कोणी असेल तर आज विचारा. बायकांच्या बाबतीत तीन महिन्यांच्या शुगरवरही डोळे झाकून विसंबू नका. रक्त कमी असेल, लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे. उलट सिकलसेल असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर आकडा फसवा खाली येऊ शकतो. हिमोग्लोबिन सोबत बघा आणि डॉक्टरांना सांगा.

आयोजकांचं ठरलेलं उत्तर मला माहितीये. “काहीच न करण्यापेक्षा बरं ना?” नाही हो. ११८ ची चिठ्ठी घेऊन घरी गेलेला माणूस पुढची तीन वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही, “माझी तर नॉर्मल आहे” म्हणतो. आणि २१८ वाल्याला वाटतं तपासणी झाली, उपचारही झाला. काहीच केलं नसतं तर निदान पायाला मुंग्या आल्यावर तो स्वतःहून गेला असता.

आणि करायचं कसं हे बाहेरून शोधून आणायची गरज नाही. आपल्याच तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, एक तरुण समुदाय आरोग्य अधिकारी मुलगी आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरी जाऊन भरतात. तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, घरातला आजार. चारच्या वर गुण झाले की तपासणीला बोलवायचं, हा सरकारचाच नियम. ही मुलगी काय करते, ज्यांची १४० च्या वर आली त्यांची नावं वेगळ्या वहीत पेन्सिलने लिहिते आणि तपासणी होऊन रिपोर्ट आला की त्या नावावर पेन फिरवते. पेन्सिलची नावं उरली की फोन. फोन उचलला नाही की आशाताई दारात. मी वही बघितली. एका पानावर एकतीस नावं, पेन्सिलची उरलेली चार. तिच्याकडे कटआउट नाही. गेल्या वर्षी काही आठवडे तिच्याकडे स्ट्रिपाही नव्हत्या, वर मागणी करून करून थकली. त्याच महिन्यात गावात दोन शिबिरं झाली आणि दोन्हीकडे स्ट्रिपांचे खोके होते.

साहेब, नगरसेवक, मित्रमंडळ, सगळ्यांना माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वाढदिवसाला मंडप घालू नका. त्या पैशात उपकेंद्राला स्ट्रिपा द्या, पावती घ्या, त्या पावतीचा फोटो मी पहिल्या पानावर लावायला संपादकांशी भांडेन. शिबिर घ्यायचंच असेल तर सकाळी सात ते नऊ घ्या, लोकांना उपाशी बोलवा, राखाडी नळ्या ठेवा, कंबर मोजा आणि महिन्याभराने त्याच लोकांना परत बोलवा. त्या दुसऱ्या दिवसाची बातमी मी करतो, पहिल्याची नाही. उपाशी म्हणजे किमान आठ तास काही नाही, पाणी चालेल. “चहा म्हणजे काय खाणं थोडीच” म्हणणारे रांगेत निम्मे असतात, त्यांना परत पाठवा. आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधीचे तीन दिवस भाकरी-भात सोडून येणाऱ्यांनाही, ते स्वतःलाच फसवतात.

आमच्या धंद्याबद्दलही बोललंच पाहिजे. “शुगर मुळापासून संपवा, गोळ्या कायमच्या बंद” ही जाहिरात तुम्ही कुठे वाचता? आमच्याच पेपरांत, आमच्याच दिवाळी पुरवणीत. जादुई उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ चा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेह स्पष्ट लिहिलेला आहे. सत्तर वर्षं होऊन गेली. मी स्वतः अशा एका जाहिरातीचं कमिशन घेतलंय, दिवाळीला, चार वर्षांपूर्वी. लिहायला लाज वाटते पण लिहितो. यापुढे नाही. वरिष्ठांना कळवलंय, ते काय म्हणतात ते नंतर सांगेन.

माझं म्हणाल तर मशीन कपाटात आहे. रोज पहाटे कारखाना रोडला चालतो, पेज सोडल्यावर रात्री अकराला जेवायचो ते आठला डबा खातो, भात एक वाटी, चहा दोन, अर्धा चमचा साखर घालून. सहा महिन्यांनी परत उपाशीपोटी तपासणी. त्यानंतर वर्षातून एकदा तरी. मधल्या काळात बोटं टोचणार नाही. फार तहान लागली, वजन आपोआप उतरलं, जखम भरेना, तर मात्र तारखेची वाट बघणार नाही, त्याच दिवशी जाईन.

आता शेवटचं. सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. दहा रुपयांचा स्टॅम्प, विषय एकच आणि दीडशे शब्दांत, नाहीतर तेवढ्यावरून परत करतात. विचारणार आहे की दोन वर्षांपूर्वीच्या त्या शिबिरात किती जणांची नोंद झाली, त्यातल्या किती जणांची १४० च्या वर आली, त्यातल्या किती जणांना पुढच्या तपासणीला पाठवलं आणि ती नोंदवही आज कोणाच्या ताब्यात आहे. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. आलं तर इथेच टाकतो, नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो.

तुमच्यापैकी कोणाकडे त्या दिवसाची चिठ्ठी अजून असेल तर फोटो इथे टाकू नका, त्यावर नाव आणि आकडा असतो. मूळ चिठ्ठी घेऊन संध्याकाळी सहानंतर ऑफिसला या, स्टँडसमोर, झेरॉक्सच्या वर. आकडा १४० च्या वर असेल तर उद्या सकाळी काही न खाता आधी दवाखान्यात जा, माझ्याकडे नंतर आलात तरी चालेल.